कॅप्टन मिलरची तारीख

शिलाँगला असताना माझ्या कंपनीतला एक मिझो हवालदार चर्चला रविवारी नव्हे, शनिवारी जायचा. त्याचं कारण शोधता शोधता मी एका फौजी माणसापाशीच पोहोचलो.

विल्यम मिलर हा अमेरिकन कॅप्टन. १८१४ साली प्लॅट्सबर्गला संख्येने मोठ्या ब्रिटिश फौजेला माघार घ्यावी लागली, तेव्हा तो तिथे लढत होता. हा विजय देवाचाच, असं त्याला वाटलं. पुढे शेती करता करता त्याने बायबल पिंजून काढलं. दानीएलच्या ग्रंथातले २३०० दिवस म्हणजे वर्षं, आणि सुरुवात इ.स.पू. ४५७. म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन १८४३च्या सुमारास! अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींना त्यांच्या चर्चने काढून टाकलं. काहींनी शेतातले बटाटेही खणले नाहीत.

२३ तारखेची सकाळ नेहमीसारखीच उजाडली.

पुष्कळांनी नाद सोडला. एका लहान गटाने मात्र हिशेब बरोबरच मानला. घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली, असं ठरवलं. शनिवारचा शब्बाथ पाळणारं त्यांचं सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च १८६३ साली उभं राहिलं. पुण्यात औंधचं स्पायसर त्यांचंच. खडकवासल्याला कॅडेट असताना त्यावरून कितीदा गेलो, पण कधी चौकशी केली नाही.

हवालदाराला विचारलं, “मग अब कौन सी तारीख?”

“तारीख नहीं साब, तैयारी.”

पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.