स्लाइडवरील हालचालीचा इतिहास : मॅजिक लँटर्न ते पॉवरपॉइंट

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापन, चर्चासत्रे आणि शोधनिबंधांचे वाचन यांत संगणकीय सादरीकरणाचा वापर आता रूढ झाला आहे. अशा सादरीकरणात ओळी एकामागून एक पडद्यावर उमटतात, एखादे चित्र कोपऱ्यातून सरकत आत येते, एक स्लाइड विरत जाऊन तिच्या जागी दुसरी प्रकट होते. स्लाइडमधील एखाद्या घटकाला दिलेल्या हालचालीस ॲनिमेशन म्हणतात, तर एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना घडणाऱ्या बदलास ट्रान्झिशन असे म्हटले जाते. हे दोन्ही परिणाम संगणकाची देणगी होत, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता हा समज टिकत नाही. स्लाइडवरील हालचाल ही स्लाइडइतकीच जुनी आहे. संगणकाने ती निर्माण केली नाही. तिच्यासाठी लागणारे श्रम मात्र त्याने जवळजवळ नाहीसे केले. या फरकाचे अध्यापनाच्या दृष्टीने कोणते परिणाम झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पहिले रेखाटन, पहिली हालचाल

काचेवरील चित्र दिव्याच्या व भिंगाच्या साहाय्याने भिंतीवर मोठे करून दाखविणारे मॅजिक लँटर्न हे यंत्र सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये साकार झाले. त्याचे श्रेय सामान्यतः क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञास दिले जाते. त्याच्या १६५९ च्या कागदपत्रांत या यंत्रासाठी काढलेली लहान लहान रेखाटने आढळतात. त्यांत एक हाडांचा सापळा स्वतःची कवटी धडावरून उचलतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. म्हणजेच स्लाइडसाठी झालेल्या उपलब्ध रेखाटनांपैकी अगदी आरंभीचे रेखाटनच हालचालीच्या कल्पनेतून जन्मले होते.

या संदर्भात आणखी एक बाब लक्षणीय आहे. शनीच्या कड्यांचे स्वरूप उलगडणाऱ्या या शास्त्रज्ञास आपले हे यंत्र प्रतिष्ठेचे वाटत नव्हते. १६६२ मध्ये वडिलांनी फ्रान्सच्या राजदरबारात दाखविण्यासाठी कंदील मागविला, तेव्हा त्यातील एखादे भिंग काढून तो निकामी करावा, असे त्याने आपल्या भावास सुचविले. विद्वत्ता आणि नजरबंदी यांच्यातील जो संकोच आजही व्याख्यात्याच्या मनात असतो, त्याची सुरुवात इतकी जुनी आहे.

अठराव्या शतकात या हालचालीस यंत्ररचनेची जोड मिळाली. पीटर व्हान मुशेनब्रुक या डच पदार्थवैज्ञानिकाने १७३० च्या दशकात यांत्रिक स्लाइडांचे वर्णन केले. लाकडी चौकटीत दोन काचा बसवावयाच्या, त्यांपैकी एक स्थिर ठेवावयाची व दुसरी दोरीने किंवा दांडीने हलवावयाची, हे त्यामागील तत्त्व होते. या रचनेमुळे पवनचक्कीची पाती फिरू लागली आणि टोपी उचलून अभिवादन करणारा माणूस पडद्यावर अवतरला.

३. यांत्रिक स्लाइडांचे शतक

१७९८ मध्ये एत्येन-गास्पार रॉबर्टसन याने पॅरिसमध्ये ‘फँटासमॅगोरी’ या नावाचे भुताखेतांचे प्रयोग सुरू केले. त्याचा कंदील चाकांवर होता आणि पडद्यामागून तो पुढे-मागे सरकविला जाई. कंदील पडद्यापासून दूर नेला की प्रतिमा मोठी होई व ती आपल्या अंगावर धावून येत आहे, असा प्रेक्षकांना भास होई. आजच्या सादरीकरणातील ‘झूम’ परिणामाचे हे पूर्वरूप होय. इंग्लंडमध्ये हेन्री लँगडन चाइल्ड याच्या नावाशी निगडित असलेली ‘डिझॉल्व्हिंग व्ह्यूज’ ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय झाली. दोन कंदील एकाच जागी रोखून एकाचा प्रकाश मंद करीत दुसऱ्याचा वाढविला असता उन्हाळ्यातील पाणचक्की पाहता पाहता बर्फाच्छादित होई. ‘फेड’ या नावाने आज जे ट्रान्झिशन ओळखले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

लंडनमध्ये १८३८ साली सुरू झालेल्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनने ही कला शास्त्रीय व्याख्यानांच्या जोडीला आणून बसविली. या काळातील स्लाइडांचे दोन प्रकार शेजारी ठेवून पाहिल्यास प्रस्तुत विषयाचे मर्म ध्यानात येते. पहिला प्रकार खगोलशास्त्रीय स्लाइडांचा होता. दातेरी चक्र व मूठ यांच्या साहाय्याने काच फिरविली जाई आणि पृथ्वीचे सूर्याभोवतीचे भ्रमण, चंद्रकला व ग्रहणे विद्यार्थ्यांना दिसत. दुसऱ्या प्रकारचा प्रसिद्ध नमुना म्हणजे झोपेत उंदीर गिळणारा माणूस. एका दांडीने त्याचा जबडा उघडे-मिटे, तर फिरत्या काचेवरील उंदीर एकामागून एक त्याच्या तोंडात शिरत. दोन्ही स्लाइडांचे यंत्र जवळजवळ एकच होते, परंतु हेतू भिन्न होते. चंद्रकलांच्या स्लाइडमधून हालचाल वगळली तर विषयच उरत नाही, कारण चंद्रकला ही स्वतःच एक क्रिया आहे. उंदरांच्या स्लाइडमध्ये मात्र हालचाल हीच करमणूक होती आणि त्यापलीकडे काही सांगावयाचे नव्हते. त्या काळी श्रोत्यांना हा भेद आपोआप कळत असे, कारण करमणुकीची स्लाइड करमणूक म्हणूनच दाखविली जाई.

४. महाराष्ट्रातील प्रयोग

महाराष्ट्रात या परंपरेचा महत्त्वाचा टप्पा कल्याण येथे आढळतो. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे प्रयोग सुरू केले. मॅजिक लँटर्नलाच दिलेले हे संस्कृत वळणाचे नाव होय. काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांतून पौराणिक कथा सादर केल्या जात, त्यांना निवेदन व संगीत यांची साथ असे आणि एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था दाखविणाऱ्या चित्रांच्या योगे पडद्यावर हालचालीचा आभास घडविला जाई. १८९६ साली मुंबईत ल्युमिएर बंधूंचा चलत्‌चित्रपट दाखविला गेला, त्यापूर्वीच मराठी प्रेक्षक प्रकाशचित्रांतील हालचालीशी परिचित झाला होता, हे यावरून स्पष्ट होते.

याच्या जोडीला पिंगुळी येथील चित्रकथी परंपरेचाही उल्लेख करावयास हवा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ठाकर कलावंत कागदावरील चित्रे एकामागून एक पुढे करीत कथा सांगतात. येथे चित्र स्थिर असते. गती असते ती कथनात. पुढचे चित्र केव्हा समोर आणावयाचे, हे कथेचा ओघ ठरवितो. चित्रांचा क्रम आणि चित्रांची हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या परंपरेवरून समजते. अध्यापनास क्रमाची गरज नेहमीच असते. हालचालीची गरज विषयानुसार ठरते.

५. वर्गातील हात

विसाव्या शतकात काचेच्या स्लाइडची जागा ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्लाइडने घेतली. कोडॅक कंपनीचा वर्तुळाकार तबकडीचा ‘कॅरोसेल’ प्रक्षेपक १९६० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आला आणि कंपनीने स्लाइड प्रक्षेपकांचे उत्पादन २००४ मध्ये थांबविले. वर्गात मात्र अधिक रुळला तो ओव्हरहेड प्रोजेक्टर. पारदर्शिकेवर कोरा कागद ठेवून तो ओळीओळीने खाली सरकविणे, किंवा मूळ आकृतीवर दुसरी पारदर्शिका ठेवून तीत भर घालणे, या युक्त्या अनेक अध्यापकांच्या अंगवळणी पडल्या होत्या. नदीच्या नकाशावर आधी उपनद्या, मग धरणे आणि मग कालवे असे थर चढविता येत.

या पद्धतीचा एक गुण सहसा नोंदविला जात नाही. कागद सरकविणारा हात अध्यापकाचा असे आणि तो त्याच्या बोलण्याबरोबर चाले. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की हात थांबे. प्रत्येक नवी पारदर्शिका तयार करण्यास वेळ व पैसा लागत असल्याने अनावश्यक भर आपोआप टळे. हालचालीचे मोल तयार करणाऱ्याच्या पदरी पडत होते.

६. पॉवरपॉइंटचा उदय

रॉबर्ट गॅस्किन्स यांनी १९८४ मध्ये फोरथॉट या लहानशा कंपनीत सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरचा आराखडा मांडला. डेनिस ऑस्टिन व टॉमस रुडकिन यांच्या सहकार्याने ते तयार झाले. ‘प्रेझेंटर’ हे त्याचे आधीचे नाव बदलून ‘पॉवरपॉइंट’ असे ठेवण्यात आले आणि एप्रिल १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरना फोरथॉट विकत घेतली. या पहिल्या आवृत्तीचे काम ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी कृष्णधवल पारदर्शिका छापण्यापुरते होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत रंगीत ३५ मिलिमीटर स्लाइडांची सोय झाली. म्हणजे आरंभी या सॉफ्टवेअरमध्ये हालचालीस वावच नव्हता, कारण त्याचे फलित कागद, प्लास्टिक किंवा फिल्म यांवर उमटणारे होते.

१९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा ओलांडली. संगणक थेट व्हिडिओ प्रक्षेपकास जोडून सादरीकरण करता येऊ लागले व त्याबरोबर ट्रान्झिशन आणि ओळीओळीने मजकूर प्रकट करण्याची सोय आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॅस्किन्स यांनी पॅरिसमधील हॉटेल रेजिना येथे मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांसमोर लॅपटॉपवरून असे सादरीकरण करून दाखविले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्त्यांत अक्षरे टंकयंत्राच्या आवाजात एकेक उमटू लागली आणि ब्रेकच्या कर्कश आवाजासह ओळी धावत येऊ लागल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉवरपॉइंट २००२ मध्ये प्रवेश, ठळकपणा, निर्गमन आणि हालचालीचा मार्ग असे ॲनिमेशनचे चार प्रकार सुसंगतपणे मांडले गेले, तसेच प्रत्येक परिणामाची वेळ स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागली. ॲपलचे ‘कीनोट’ २००३ मध्ये आले. पुढे पॉवरपॉइंटमध्ये आलेल्या ‘मॉर्फ’ या ट्रान्झिशनमुळे एका स्लाइडवरील आकृती दुसऱ्या स्लाइडवरील आकृतीत सलगपणे रूपांतरित होऊ लागली. डिझॉल्व्हिंग व्ह्यूजसाठी दोन कंदील व कुशल चालक लागत. येथे एक कळ पुरते.

७. अतिरेक आणि प्रतिक्रिया

सोय सुलभ झाल्याचा परिणाम लवकरच दिसून आला. २००० साली अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल ह्यू शेल्टन यांनी सैन्यातील सादरीकरणे साधी ठेवण्याची सूचना जगभरातील तळांना दिली, असे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिले होते. फिरते आलेख आणि रणगाड्यांचे आवाज यांनी जड झालेल्या फाइलींचा लष्करी संगणकजाळ्यावर भार पडत होता.

शैक्षणिक संशोधनानेही याच सुमारास या प्रश्नाची दखल घेतली. बार्बरा ट्व्हर्स्की, ज्युली बॉवर मॉरिसन आणि मिरेइ बेत्रांकूर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे दाखविले की, हलत्या चित्रांची सरशी सांगणाऱ्या अनेक अभ्यासांत त्या चित्रांमध्ये स्थिर चित्रांपेक्षा अधिक माहिती होती. तुलना समान पातळीवर केली असता हालचालीचा लाभ स्पष्टपणे सिद्ध होत नाही. हालचालीची रचना विषयाच्या रचनेशी जुळावी आणि ती पाहणाऱ्यास नीट टिपता यावी, अशा दोन अटी त्यांनी मांडल्या. रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनाच्या सिद्धांतातही विषयाशी संबंध नसलेले चित्र, आवाज व मजकूर वगळल्यास आकलन सुधारते, असे प्रतिपादन आहे. चंद्रकलांची स्लाइड या अटींत बसते. ब्रेकचा आवाज करीत येणारी ओळ बसत नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, सादरीकरणातील बहुतेक परिचित परिणाम संगणकापूर्वीच अस्तित्वात होते. झूम, फेड, थराथराने भर आणि झाकलेला मजकूर उघडणे या सर्वांना जुने पूर्वज आहेत. बदलले आहे ते हालचालीचे मोल. काच रंगविणारा कलावंत, मूठ फिरविणारा चालक आणि पारदर्शिका कापणारा अध्यापक यांना प्रत्येक हालचालीसाठी श्रम करावे लागत, म्हणून ती हालचाल आवश्यक आहे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर आपसूक उभा राहत असे. संगणकाने हे श्रम संपविले, त्यामुळे प्रश्नही विचारला जाईनासा झाला. मोल मात्र संपलेले नाही. ते आता विद्यार्थ्याच्या अवधानातून वसूल होते.

अध्यापनातील माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराची नोंद महाविद्यालयांच्या मूल्यांकनात घेतली जाते. परंतु अशी नोंद वापर झाला एवढेच सांगते, तो कशासाठी झाला हे सांगत नाही. तो निर्णय अध्यापकाचाच राहतो. रक्ताभिसरण, भूकंपलहरींचा प्रसार, गणिती सिद्धतेतील पायऱ्या किंवा एखाद्या राज्याच्या बदलत्या सीमा शिकविताना हालचाल ही विषयाचीच गरज असते आणि तेथे ॲनिमेशन खडू-फळ्यास न साधणारे कार्य करू शकते. अन्यत्र स्थिर स्लाइड आणि चालते बोलणे पुरेसे ठरते. ॲनिमेशनची यादी उघडण्यापूर्वी विषयात नेमके काय हलते, याचे उत्तर अध्यापकाजवळ तयार असेल, तर पुढची निवड कठीण राहत नाही.