मेंदूंतील फुगा आणि प्लॅटिनमचें वेटोळें

मेंदूच्या तळाशीं ज्या धमन्या एकमेकींस मिळतात, त्यांपैकीं एखादीची भिंत कोठें तरी दुबळी होते आणि रक्ताच्या दाबानें तेथें एक लहानशी पिशवी तयार होते. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगवटा यावा, तसाच हा प्रकार. वैद्यकशास्त्रांत यास ॲन्यूरिझम म्हणतात. पुष्कळांच्या डोक्यांत असा फुगा जन्मभर निमूट राहतो व त्यांना त्याची वार्ताहि लागत नाहीं. परंतु तो फुटला म्हणजे एकाएकीं असह्य मस्तकशूळ उठतो, शुद्ध हरपते, आणि कित्येकांचा प्राणहि जातो. जो वांचतो, त्याच्यापुढें दुसरें संकट उभें असतें. फुटलेला फुगा थोड्याच दिवसांत पुन्हां फुटण्याचें. तें टाळावयाचें, तर पिशवींत रक्त शिरण्याची वाटच बंद केली पाहिजे.

ही वाट प्रथम बाहेरून बंद झाली. पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनीं १९२७ सालीं क्ष-किरणांच्या साह्यानें जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील धमन्यांचें चित्र घेण्याची रीत काढली. दहा वर्षांनीं, १९३७ च्या मार्चमध्यें, अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी या शल्यवैद्यानें कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसविला आणि रोगी वांचला. पुढें अर्धशतकभर हाच राजमार्ग राहिला. पण रक्तस्रावानें आधींच दुखावलेल्या मेंदूस बाजूला सारून त्या खोल जागीं पोंचणें, हें रोग्यास आणि वैद्यास दोघांसहि कठीण जाई.

मग धमनीच्या आंतूनच तेथवर जातां येईल काय? मॉस्कोचे सर्बिनेंको यांनीं नळीच्या टोंकावरून सुटणारे इवलेसे कृत्रिम फुगे धमनींत सोडण्याची युक्ति १९७४ सालीं जगापुढें मांडली. परंतु असा फुगा स्वतःचा आकार सोडीत नाहीं, आणि पिशव्यांचे आकार तर वेडेवांकडे. पातळ भिंतीवर त्याचा ताण पडे.

रोमचे गुइदो गुग्लिएल्मी यांचा विचार निराळा होता. रक्तांतील कणांवर ऋण विद्युद्भार असतो; तेव्हां पिशवींत धनभारित तार ठेविली तर रक्त तेथेंच गोठेल, असा त्यांचा तर्क. सशांवर प्रयोग करीत असतां पोलादी तारेचें टोंक विद्युत्प्रवाहानें झिजून आपोआप तुटलें आणि आंतच राहिलें. हा अपघातच पुढें उपयोगी पडला. लॉस एंजेलिस येथें इव्हान सेपेत्का या अभियंत्याच्या सहकार्यानें त्यांनीं अतिशय मऊ प्लॅटिनमचें वेटोळें पोलादी तारेस जोडलें. वेटोळें नीट बसलें नाहीं, तर ओढून पुन्हां बसवावें. बसलें, कीं मंद प्रवाह सोडावा. जोडाजवळचें पोलाद विरघळतें आणि वेटोळें पिशवींत राहतें.

याची परीक्षा डुकरांवर झाली. त्यांच्या मानेंतील धमनीवर अकरा कृत्रिम पिशव्या करून त्यांत वेटोळीं सोडलीं. तीं ४ ते १२ मिनिटांत सुटलीं. दोन ते सहा महिन्यांनीं पाहिलें, तों सर्व पिशव्या बंद व मूळ धमनी मोकळी. ही हकीकत १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. मनुष्यावरील उपयोग १९९० सालींच सुरू झाला होता, आणि १९९५ सालीं अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. पण डुकराची जखम फार लौकर भरते. अशी पिशवी कधीं कधीं उपचारावांचूनहि बंद होते. शिवाय रक्त गोठविण्यासाठीं योजलेल्या विजेचें मुख्य काम वेटोळें सोडविणें एवढेंच, असें पुढें ठरलें.

तेव्हां चिमटा बरा कीं वेटोळें, याचा निवाडा मनुष्यांतच होणें भाग होतें. ऑक्सफर्डचे मॉलिन्यू व कर यांच्या नेतृत्वाखालीं १९९४ पासून तो झाला. ज्यांस दोन्ही उपाय योग्य वाटत, अशा २,१४३ रोग्यांस, चिठ्ठ्या टाकाव्या तसा, एक उपाय वांटून देण्यांत आला. एका वर्षानंतर मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण शस्त्रक्रियेंत शेंकडा ३०.६, तर वेटोळ्यांत २३.७ आढळलें. अंतर इतकें स्पष्ट दिसलें, कीं नवे रोगी घेणें थांबविण्यांत आलें. निकाल २००२ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आला. आक्षेपहि निघाले, व ते पोकळ नव्हते: तपासलेल्या ९,५५९ रोग्यांपैकीं थोडेच चिठ्ठीस पात्र ठरले होते, आणि वर्षानंतरचा रक्तस्राव विरळा असला तरी वेटोळ्यांच्या बाजूस अधिक होता.

म्हणून वेटोळ्यावर लेप चढविण्याचे प्रयत्न झाले. पाण्यानें फुगणाऱ्या लेपाची परीक्षा ४९९ रोग्यांवर होऊन २०११ सालीं निकाल लागला: पिशव्या पुन्हां उघडण्याचें प्रमाण घटलें, पण रोग्यांच्या जगण्यावांचण्यांत निश्चित फरक दिसला नाहीं. चित्रांत पिशवी बंद दिसणें आणि मनुष्य पुन्हां आपल्या संसारास लागणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आणि उपायाची खरी किंमत दुसरीवरूनच ठरते. ज्यांनीं आजारपणाच्या ऐन प्रसंगीं आपला उपाय चिठ्ठीवर सोंपविला, त्या दोन हजारांवर स्त्रीपुरुषांचें ऋण पुढील प्रत्येक रोग्यावर आहे.