शिस्त आणि दुर्बीण : तंजावरच्या शिखराशी घडलेला एक प्रसंग

तंजावरचे नाव निघाले की मराठी मनापुढे सरस्वती महालातील पोथ्या, मोडी दफ्तरे आणि कावेरीच्या तीरी मायबोली जतन करणारे भोसले राजे उभे राहतात. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेखही अनेकांनी ऐकलेला असतो. परंतु तो लेख कोरला गेल्यावर पाचच वर्षांनी त्याच देवळाच्या शिखराशी एक अपघात घडला, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. हा प्रसंग एका दुर्बिणीचा आहे. दूरचे दिसणे निराळे आणि दूरच्या वस्तूवर अचूक नेम धरणे निराळे, हा भेद त्याने जितका उघड केला तितका तो क्वचितच कोठे उघड झाला असेल.

नेमाला मराठीत ‘शिस्त’ असा जुना शब्द आहे. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला ‘माशी’ म्हणतात. डोळा, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आली म्हणजे शिस्त लागली. ऐकावयास हे सोपे वाटते. पण माणसाच्या डोळ्याला जवळची वस्तू आणि दूरची वस्तू एकाच क्षणी स्पष्ट दिसत नाही. माशीवर दृष्टी ठेवावी तर लक्ष्य पुसट होते, लक्ष्याकडे पाहावे तर माशी विरघळते. तंजावरच्या किल्ल्याच्या पूर्व अंगास नायक राजांच्या काळातील ‘राजगोपाल’ नावाची प्रचंड तोफ आजही आहे. लोखंडाच्या पट्ट्या व कडी तापवून, ठोकून, एकजीव करून ती घडविलेली आहे. तिची लांबी सात मीटरांहून अधिक आणि वजन वीस टनांहून अधिक. घडविणाऱ्यांचे कसब अलौकिक खरे. पण तिचा गोळा कोठे पडेल हे गोलंदाजाच्या अनुभवावर आणि अंदाजावरच अवलंबून असे. बळ पुष्कळ होते, शिस्त लावण्याचे साधन मात्र उघड्या डोळ्यापलीकडे गेले नव्हते.

या नगरीत १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजी राजे गादीवर होते. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि राजाकडे किल्ला, मानमरातब व तनखा एवढेच उरले. हातचे राज्य गेल्यावर सरफोजींनी आपले चित्त विद्येकडे लावले. त्यांनी ग्रंथ जमविले, शाळा काढल्या, वैद्यकाचा अभ्यास केला. नेत्ररोग्यांच्या तपासणीची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, त्यांच्या संग्रहात जतन झालेली आहेत. मार्च १८२६ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरास आला, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांच्या ग्रंथांतील वचने सहज सांगणारा हा हिंदू राजा पाहून तो चकित झाला. त्याच हेबरने आणखी एक गोष्ट लिहून ठेविली आहे : आसपासचे इंग्रज अधिकारी या राजाला घोड्यांचा उत्तम पारखी आणि वाघावर न डगमगता अचूक गोळी झाडणारा शिकारी म्हणून मानीत. डोळ्यांचे रोग बारकाईने पाहणारा आणि बंदुकीची शिस्त जाणणारा असा राजा ज्या नगरीत नांदत होता, त्याच नगरीत तो अपघात घडला.

विल्यम लॅम्बटन हा इंग्रज सैन्यातील अधिकारी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात एक पलटण उलट दिशेने शत्रूकडे चालली असता, ताऱ्यांकडे पाहून ही चूक त्यानेच ओळखली, असे सांगतात. पुढे दक्षिण हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचे काम त्याने अंगावर घेतले. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजून त्याने आरंभ केला. त्याचे मुख्य यंत्र म्हणजे लंडनच्या विल्यम केरी याने बनविलेले थिओडोलाइट. सुमारे अर्ध्या टनाचे हे यंत्र हिंदुस्थानाकडे येत असता वाटेत फ्रेंचांच्या हाती सापडले, मॉरिशसला गेले आणि तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानपूर्वक परत पाठविले. तीन फूट व्यासाचे एक आडवे वर्तुळ, त्यावर अंशांच्या सूक्ष्म खुणा, त्या वाचण्यासाठी सूक्ष्मदर्शके आणि वर फिरणारी दुर्बीण, अशी त्याची रचना होती. दुर्बिणीच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या तारा होत्या. जेथे त्या छेदतात, तेथे लक्ष्य आणावयाचे.

कावेरीच्या मुखाजवळचा प्रदेश सपाट. भातखाचरे आणि नारळी-ताडांच्या राया यांतून दूरवर नजर पोचत नाही, आणि डोंगर तर नाहीतच. म्हणून लॅम्बटनने देवळांची उंच गोपुरे व शिखरे हीच आपली ठाणी केली. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर, जमिनीपासून सुमारे दोनशे फूट उंच, हे जड यंत्र दोरखंडांनी चढविले जात होते. यंत्राला भिंतीपासून दूर ओढून धरणारा दोर एकाएकी तुटला. यंत्र झोका घेऊन दगडी भिंतीवर आदळले. आघात नेमका त्या मोठ्या वर्तुळाच्या बाजूने बसला आणि वर्तुळाचा आकार बिघडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दुर्बिणीतून दूरचे शिखर पूर्वीइतकेच मोठे आणि स्वच्छ दिसत राहिले असते, तरी यंत्र निरुपयोगी झाले होते. कारण दिसलेली दिशा ज्या वर्तुळावर मोजावयाची, तेच वाकडे झाले होते. एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढी चूक पन्नास किलोमीटरांवर सुमारे साडेचौदा मीटरांची होते. ती एका त्रिकोणातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरत जाते. दुसरा कोणी असता तर यंत्र मोडीत काढून विलायतेहून नवे येण्याची वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतले. मुख्य कारागिरांखेरीज कोणासही आत प्रवेश नव्हता. त्याने यंत्र पूर्ण सुटे केले, एका सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ कोरले आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या यांच्या साहाय्याने धातूचे कडे हळूहळू ओढून त्या मापात आणले. वाकलेल्या आऱ्या लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केल्या. सहा आठवड्यांनी यंत्र जवळजवळ पूर्वरूपास आले आणि काम पुन्हा सुरू झाले.

हीच छेदतारांची दुर्बीण पुढे आकाराने लहान होऊन बंदुकीवर चढली. मुंबईच्या फौजेतील डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात शिकारीसाठी दुर्बीण लावलेली रायफल वापरली. त्याच्या पद्धतीच्या दुर्बिणी १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात व्हिटवर्थ रायफलींवर दिसू लागल्या. डोळ्याची जुनी अडचण तिने दूर केली. कारण छेदतारा आणि लक्ष्याचे प्रतिबिंब एकाच पातळीत येतात आणि दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. मात्र तारा किंचित पुढेमागे बसल्या असतील, तर डोळा जरासा हलताच त्या लक्ष्यावरून सरकल्यासारख्या दिसतात आणि शिस्त फसते.

अशी दुर्बीण निवडताना नवशिक्याचे लक्ष प्रथम ती वस्तू किती पट मोठी दाखविते याकडे जाते. पण जितके पट वाढवावे तितका दिसणारा प्रदेश आकसतो, आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. वस्तुभिंगाच्या व्यासाला पटीने भागले म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. चाळीस मिलिमीटरांच्या भिंगास चार पटींत ती दहा मिलिमीटर येते, दहा पटींत केवळ चार. संधिप्रकाशात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरांपर्यंत उघडते. म्हणून सांजवेळी रानात उभ्या असलेल्या शिकाऱ्याला थोड्या पटींची दुर्बीण उपकारक, तर उजेडात स्थिर टेकणावरून दूरचे निशाण साधणाऱ्याला अधिक पटींची. या दोघांनाही एक गोष्ट सारखीच आवश्यक आहे : बंदुकीचा धक्का बसल्यावरही दुर्बीण आणि तिची पकड तसूभर न हलता जागच्या जागी राहिली पाहिजे. ती एक कला ढळली तर शंभर मीटरांवर गोळी तीन सेंटिमीटर बाजूला जाते, पाचशे मीटरांवर साडेचौदा. भिंग कितीही निर्मळ असले तरी ही चूक भरून काढीत नाही. तंजावरच्या भिंतीवर आदळलेल्या यंत्राची कथाही याहून निराळी नाही.

दुर्बीण कोणाच्या हाती आहे, हाही प्रश्न तंजावरच्या इतिहासात उभा राहतो. सरफोजींजवळ डोळा होता, जिज्ञासा होती आणि नेमही होता. पण ज्या मुलखावर शिस्त धरावी तो त्यांच्या हातून गेला होता. त्यांच्या देवळाच्या शिखरावरून देशाचे माप घेणारे यंत्र परक्या सत्तेचे होते, आणि त्या मापावरून उमटणारे नकाशे त्याच सत्तेचे हात बळकट करणार होते. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि नावापुरते उरलेले राज्यही संपले.

लॅम्बटनची मोजणी मात्र उत्तरेकडे सरकत राहिली. तिच्याबरोबर तो मराठी मुलखात आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. तेथेच त्याची कबर आहे. त्याचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८४१ पर्यंत ती रेषा हिमालयाच्या पायथ्याशी पोचविली, आणि सहा आठवडे खपून सरळ केलेले ते जुने थिओडोलाइट पुन्हा दुरुस्त होऊन त्याच्याही उपयोगी पडले.

वाघावर गोळी झाडण्याचा काळ आता गेला; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग बंद केला. नेमबाजीची विद्या मात्र जिवंत आहे. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत मोठे करून दाखविणाऱ्या दुर्बिणीस मुभाच नसते. बारीक छिद्रातून पाहावयाचे आणि गुडघ्यावर, पालथे पडून व उभे राहून, अशा तिन्ही आसनांत देह निश्चल ठेवावयाचा. जुन्या मराठीने याच साधनेला शिस्त म्हटले होते.