रुबिकॉन: वाट वापरणाऱ्यांनीच राखलेली वाट

मागच्या आठवड्यात पुण्यात एका सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक दणकट जीप येऊन उभी राहिली. बॉनेटच्या कडेला ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘रुबिकॉन’. मागे बसलेल्या मित्रानं विचारलं, “हे रुबिकॉन म्हणजे काय रे?” तेवढ्यात सिग्नल सुटला आणि उत्तर राहून गेलं. आजचा भाग म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

इतिहास वाचणाऱ्यांना रुबिकॉन म्हटलं की ज्युलियस सीझर आठवतो. इ.स.पू. ४९ मध्ये त्यानं सैन्यासह ओलांडलेली इटलीतली छोटीशी नदी. पण गाडीवरचं नाव थेट तिथून आलेलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सिएरा नेवाडा नावाची डोंगररांग आहे. तिथेही रुबिकॉन नावाची नदी आहे, आणि त्या खोऱ्यातून जाणारी एक खडकाळ वाट आहे, रुबिकॉन ट्रेल. जॉर्जटाऊन या जुन्या गावाच्या बाजूनं निघून ताहो तळ्याकडे उतरणारी, साधारण ३५ किलोमीटरची. जीप कंपनीनं २००३ च्या मॉडेलला या वाटेचं नाव दिलं. आणि २०२१ पासून त्या गाडीची जुळणी आपल्या रांजणगावच्या कारखान्यात होते. म्हणजे नाव तिकडच्या डोंगराचं, आणि गाडी पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यातून बाहेर पडलेली.

पण आज मला गाडीबद्दल बोलायचं नाहीये. बोलायचंय वाटेबद्दल. ही वाट एकदा कायमची बंद व्हायच्या बेतात आली होती. ती कुणी वाचवली आणि त्यासाठी काय किंमत मोजली, ही आजची गोष्ट.

सुरुवातीपासून सांगतो. गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून या डोंगरातून माणसं ये-जा करत होती. ताहो तळ्याच्या परिसरात वाशो लोक राहायचे, पश्चिमेच्या उतारावर निसेनन लोक. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात गोरे लोक आले. मग या खोऱ्यात खनिजयुक्त पाण्याचे झरे सापडले. झऱ्याचं पाणी तब्येतीला चांगलं असतं अशी तेव्हा पक्की समजूत. झालं, तिथे चक्क हॉटेल उभं राहिलं! रुबिकॉन स्प्रिंग्ज. लोक घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घेत तिथे पोचायचे आणि पाणी पिऊन तब्येत सुधारायची वाट बघायचे.

या काळातली एक तारीख लक्षात ठेवा, कारण ती पुढे कामाला येणार आहे. १८८७. त्या वर्षी एल डोराडो काउंटीनं ही वाट सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केली. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपल्याकडचा जिल्हा समजा. त्याआधी १८६६ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला होता. सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ता काढायचा हक्क त्यानं दिला होता. तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, पण त्याआधी तयार झालेले रस्ते टिकले. थोडक्यात, रुबिकॉनची वाट आजूबाजूच्या जंगलापेक्षा वेगळी आहे. जंगल मुख्यतः केंद्र सरकारच्या वनखात्याचं, मध्ये काही तुकडे खासगी, आणि वाट मात्र जनतेची.

पुढे हॉटेल बंद पडलं. वाट उरली. मग आलं दुसरं महायुद्ध आणि त्यातून जीप. युद्ध संपल्यावर तीच गाडी नागरिकांसाठी विकायला आली. त्याच सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिकडे जॉर्जटाऊनमध्ये प्रश्न वेगळा होता. सोन्याचे दिवस कधीच सरले होते आणि गावात पैसा यायला हवा होता. मार्क स्मिथ आणि गावातल्या काही मंडळींनी डोकं लढवलं. जीपवाल्यांना बोलवू, डोंगर ओलांडून ताहोपर्यंत नेऊ! १९५३ च्या ऑगस्टमध्ये पहिली ‘जीपर्स जॅम्बोरी’ झाली. ५५ गाड्या, १५५ माणसं. आपल्याकडे गावची जत्रा जशी गावाची ओळख होते, तशी ही जत्रा जॉर्जटाऊनची ओळख झाली.

पुढच्या पन्नास वर्षांत वाटेचं नाव जगभर गेलं. कॅडिलॅक हिल, बिग स्लूस, लिटल स्लूस हे टप्पे जीपवाल्यांच्या तोंडी असे, जसे आपल्या ट्रेकर्सच्या तोंडी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. गाड्या वाढल्या, टायर मोठे झाले. आणि नाव झालेल्या प्रत्येक जागेचं जे होतं, तेच झालं.

आता थोडं घाण बोलणार आहे, जेवत असाल तर पॉज करा.

या वाटेवर स्पायडर लेक नावाचं सुंदर तळं आहे. मुक्कामाला झकास. पण तिथली जमीन म्हणजे ग्रॅनाइटचा सलग कातळ, वर जेमतेम मातीचा थर. आपण ट्रेकला गेलो की खड्डा करून बसतो आणि माती लोटतो. तिथे खड्डाच करता येत नाही. शेकडो माणसं दर उन्हाळ्यात मुक्काम करणार, शौचालय नाही, खणायला माती नाही. २००४ मध्ये काउंटीनं तो परिसर आरोग्याला धोका म्हणून बंद केला. कारण एकच, माणसाची विष्ठा.

दुसरी भानगड लिटल स्लूसची. ही अरुंद, दगडांनी भरलेली घळ. ‘अजून अवघड करू या’ म्हणत लोकांनी वर्षानुवर्षं तिच्यात मोठमोठे दगड ढकलले. शेवटी साधी गाडी जाईना. मग जे अडले त्यांनी बाजूनं नवी वाट पाडली. जे आत घुसले त्यांच्या गाड्यांचं तेल दगडांवर सांडलं.

आणि तिसरी गोष्ट दिसायला सगळ्यात साधी, परिणामानं सगळ्यात मोठी. गाळ. उतारावर चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की पाऊस आणि वितळलेलं बर्फ त्याच चाकोऱ्यांतून धावतं. रस्त्याचा ओढा होतो. तो ओढा माती घेऊन खऱ्या ओढ्यात उतरतो आणि पाणी गढूळ होतं.

तक्रारी वाढल्या. एप्रिल २००९ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख करणाऱ्या प्रादेशिक मंडळानं काउंटी आणि वनखातं या दोघांना आदेश काढला. गाळ, मैला, तेल, सगळं आवरा! आता १८८७ चा ठराव आठवा. वाट जनतेची आहे हे कागदावर पक्कं होतं. पण ओढ्यात उतरणारा गाळ असा ठराव दाखवून थांबत नाही. वाटेला मालक होता, राखणदार नव्हता. आणि राखणदार मिळाला नाही तर वाट बंद करणं हाच सोपा उपाय होता.

राखणदार आले कुठून? तर जीपवाल्यांमधूनच. ‘फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन’ हा स्वयंसेवकांचा गट २००१ मध्येच उभा राहिला होता. नंतर ‘रुबिकॉन ट्रेल फाउंडेशन’ ही संस्था आली. वेगवेगळ्या क्लबांचे लोक शनिवार-रविवारी गाडीत फावडी, पहारी, घमेली टाकून यायला लागले. हो, त्याच गाड्या ज्यांनी चाकोऱ्या पाडल्या होत्या.

ते नक्की काय करायचे? पाणलोटाच्या कामावर एकदा जरी श्रमदान केलं असेल तर तुम्हाला पटकन कळेल. आपण म्हणतो, पाणी अडवा, पाणी जिरवा. इथे पाणी रस्त्यावरून हटवायचं असतं. उताराच्या रस्त्यावर ठरावीक अंतरानं तिरका वरंबा घालायचा किंवा हलकासा खोलगट भाग काढायचा. वरून धावत आलेलं पाणी तिथे बाजूला वळतं. बाजूला सपाट, गवताची जागा किंवा छोटा खड्डा असेल तर तिथे पाण्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. मऊ जागी दगड बसवून रस्ता घट्ट करायचा, म्हणजे चाक रुतत नाही. हे एकदा करून भागत नाही. दर हिवाळ्यात बर्फ पडतं आणि दर उन्हाळ्यात वरंबे पुन्हा घालावे लागतात.

मैल्यासाठी उपाय सरळ होता, आपला आपण परत न्यायचा. लून लेक या प्रवेशाच्या ठिकाणी स्वयंसेवक येणाऱ्यांना खास पिशव्या द्यायला लागले. त्यात बसायचं, बांधायची, गाडीत ठेवायची, घरी न्यायची. सोबत तेल सांडलं तर टिपून घ्यायचं साहित्य. काही ठिकाणी शौचालयंही बांधली. जरा डोळ्यांसमोर आणा. लाखो रुपयांची गाडी, चार मोठे टायर, आणि दारात उभा असलेला स्वयंसेवक तुमच्या हातात पिशवी ठेवतोय. यात हिरोगिरी शून्य आहे. पण माझ्या मते ही वाट त्या पिशवीनं वाचवली.

आता कागदाची बाजू. कॅलिफोर्नियात १९७१ पासून एक कायदा आहे. कच्च्या वाटांवर चालणाऱ्या वाहनांचं शुल्क आणि इंधनावरच्या कराचा काही भाग एका निधीत जातो, आणि त्यातून अशा वाटांच्या देखभालीला अनुदान मिळतं. अनुदान मागणाऱ्यानं स्वतःचा वाटा दाखवावा लागतो, आणि स्वयंसेवकांचे तास त्या वाट्यात धरता येतात. म्हणजे घमेलं उचलण्याइतकंच महत्त्वाचं काम, दिवसाअखेर तासांच्या कागदावर सही करणं. आपल्याकडे श्रमदान झालं की फोटो निघतो. तिथे हिशेब निघतो. आणि काम मनाला येईल तिथे खणून होत नव्हतं. वरंबा कुठे, दगड कुठे, हे काउंटी आणि वनखात्याच्या लोकांसोबत ठरायचं.

याची किंमतही होती, आणि ती लपवू नये. लिटल स्लूसमधले दगड फोडले गेले. एल्लिस क्रीक या ओढ्यावर पूल आला, कारण चाकं पाण्यातून गेली की गाळ ढवळतो. जमीन पाण्यानं भिजून फुगलेली असताना वाट तात्पुरती बंद ठेवायचा नियम आला. अनेक जुन्या जीपवाल्यांना याचा संताप आला. ‘वाट वाचवता वाचवता तुम्ही तिचा दमच काढून घेतलात’ हा त्यांचा सूर. मला त्यांचं दुःख कळतं. ज्या दगडाशी तुम्ही तरुणपणी झुंजलात तो फुटलेला बघणं सोपं नसतं. पण मुळात ते दगड तिथे माणसांनीच ढकलले होते. डोंगरानं मांडलेली परीक्षा वेगळी आणि आपण हौसेनं वाढवलेली वेगळी. दुसरीसाठी ओढ्यानं का सोसावं?

आता खरं सांगतो. हा विषय सिग्नलवर सुचला नाही, सिग्नलवर तो टोचला.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही चौघं मित्राची फोर बाय फोर घेऊन मावळातल्या एका पठारावर गेलो होतो. वाटेत मोठं डबकं. अडकायला नको म्हणून आम्ही गाडी बाजूच्या गवतावरून घातली. व्हिडिओ काढला, भजी खाल्ली, घरी आलो. हिवाळ्यात पुन्हा गेलो तर दोन चाकोऱ्यांच्या जागी सहा. आमच्या मागून आलेल्या प्रत्येकानं आमचीच चाकोरी डबकं म्हणून टाळली होती. पुढच्या पावसात तिथून लाल पाणी खालच्या भातखाचरांकडे उतरताना पाहिलं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी नोटीस काढली नाही. पण त्यातली पहिली चाकोरी कुणाची, हे आम्हा चौघांना माहीत आहे.

मी लगेच फावडं घेऊन तिथे गेलो असं सांगणार नाही, कारण गेलो नाही. शिवाय वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. एवढंच केलं की आम्ही चौघांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, या पठाराची जमीन कुणाची, आणि वाट दुरुस्त करायची तर कुणाला भेटायचं. सरपंचताई आधी हसल्या. म्हणाल्या, “गाडीवाले पहिल्यांदाच विचारायला आलेत.” मग त्यांनी वहीत आमचे फोन नंबर लिहून घेतले.

फोन अजून आलेला नाही. आला की फावडी घेऊन जायचं ठरलंय, आणि त्याचं काय होतं ते इथेच सांगेन.

तोवर पुढच्या वेळी डबकं दिसलं, तर बाजूनं जाऊ नका. मधून जा, नाहीतर गाडी वळवा. भेटू पुढच्या भागात!