सेवा क्लब म्हणजे काय? गगनबावड्यासारख्या तालुक्यात त्यांचे उपक्रम कसे चालतात?

गावातल्या शाळेत वह्यावाटप, बसस्थानकाजवळ रक्तदान शिबिर, आरोग्य केंद्रात डोळ्यांची तपासणी, डोंगरावर वृक्षारोपण. अशा कार्यक्रमांच्या फलकावर रोटरी, लायन्स, जायंट्स, जेसीआय किंवा इनरव्हील यांपैकी एखादे नाव आपण पाहिलेले असते. या संस्थांना सेवा क्लब म्हणतात. त्यांचे काम कसे चालते, पैसा कुठून येतो, कोणता उपक्रम खरोखर उपयोगी पडतो आणि गावाने त्यांच्याकडे मदत कशी मागावी, याची माहिती या लेखात घेऊ. उदाहरणासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा तालुका घेतला आहे, कारण अतिपावसाच्या डोंगरी भागात चांगल्या हेतूचा उपक्रमही चुकीच्या महिन्यात घेतला तर वाया जातो.

सेवा क्लब म्हणजे नेमके काय?

वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसे वर्गणी भरून एकत्र येतात, ठरावीक दिवशी भेटतात आणि आपला वेळ, पैसा व ओळखी समाजाच्या कामासाठी वापरतात, अशी ही संघटना असते. सदस्यांना या कामाचा पगार मिळत नाही. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार साधारणपणे एका वर्षासाठी निवडले जातात.

या चळवळीची सुरुवात अमेरिकेतील शिकागो शहरात झाली. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तीन मित्रांसह पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने एकेका सदस्याच्या कचेरीत होत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स क्लबची संघटना उभी राहिली. रोटरी १९२० च्या सुमारास कोलकात्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत आली. लायन्सची भारतातील सुरुवात १९५६ मध्ये झाली. जायंट्स ही संघटना तर आपल्याकडचीच आहे. नाना चुडासमा यांनी ती १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केली. स्त्रियांना रोटरी आणि लायन्सचे सदस्यत्व १९८० च्या दशकाच्या अखेरीस खुले झाले. त्याआधीपासून रोटरी सदस्यांच्या कुटुंबातील स्त्रिया इनरव्हीलमधून काम करत होत्या.

नाव परदेशी असले तरी कल्पना आपल्याला नवी नाही. कोल्हापूर भागात भातलावणीला एकमेकांच्या शेतात राबण्याची पैऱ्याची पद्धत आहे, तालमी आणि तरुण मंडळे आहेत. फरक एवढाच की पैरा गावातल्या गावात फिरतो. सेवा क्लबला मात्र शहरातले डॉक्टर, अभियंते, व्यापारी आणि कधी परदेशातले क्लबही एका कामाला जोडता येतात.

मोठे काम कसे झाले?

पोलिओ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली. पुढे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सरकारे त्यात उतरली. भारतात लस देण्याचे मुख्य काम सरकारी यंत्रणेने केले. क्लबांनी निधी, प्रचार आणि बूथवर स्वयंसेवक पुरवले. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. लायन्सने असेच दृष्टीचे काम उचलले. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. तेव्हापासून नेत्रसेवा ही या संघटनेची ओळख झाली.

दोन्ही कामांत तीन गोष्टी सारख्या आहेत. प्रश्न एकच निवडला, सरकारी यंत्रणेला समांतर काही न उभारता तिच्याच हाताला हात लावला, आणि अनेक वर्षे तेच काम चालू ठेवले. गावपातळीवरचा उपक्रम तपासतानाही हीच कसोटी उपयोगी पडते.

गगनबावड्यात वेगळे काय?

गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. इथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास, म्हणजे जिल्ह्यात सर्वांत कमी. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथे तो पाच हजार मिलिमीटरच्या घरात आणि काही वर्षी त्याहून बराच अधिक असतो. गावे लहान आहेत, वाड्या आणि धनगरवाडे डोंगरात विखुरलेले आहेत.

याचा पहिला परिणाम क्लबच्या रचनेवरच होतो. नवा रोटरी किंवा लायन्स क्लब सुरू करायला साधारण २० सदस्य लागतात आणि प्रत्येकाला वर्गणी परवडावी लागते. लहान तालुक्यात हे जमणे कठीण, म्हणून अशा भागात उपक्रम बहुधा शहरातला क्लब येऊन करतो. येणाऱ्यांना इथले रस्ते आणि हंगाम माहीत नसतात.

दुसरा परिणाम वेळापत्रकाचा. रोटरी आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. नवे पदाधिकारी जुलैत उत्साहाने कामाला लागतात. पण गगनबावड्यात जुलै म्हणजे पावसाचा जोर, शेतात रोपलावण आणि रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही. कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि कोल्हापूरचा मार्ग थांबतो. घाटात दरड कोसळली तर खालची बाजूही बंद होते. शिबिराचा मंडप बांधून डॉक्टरांची वाट पाहणे, किंवा डॉक्टर आले तरी लोक चिखलात लावणीला गेलेले असणे, हे त्यातून घडते.

कोणता उपक्रम केव्हा घ्यावा?

मोतीबिंदू शिबिर : गावात फक्त तपासणी होते. शस्त्रक्रिया मान्यताप्राप्त रुग्णालयातच करायची असते, म्हणून रुग्णाला तिकडे न्यावे लागते. त्यामुळे शिबिराचे यश किती जणांचे डोळे तपासले यावर मोजू नये. किती जणांची शस्त्रक्रिया झाली, किती जण फेरतपासणीला आले आणि किती जणांना नीट दिसू लागले, हे विचारावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात, धूर, धूळ आणि घाण पाणी टाळावे लागते. एकट्या म्हातारीला धनगरवाड्यावरून कोल्हापूरला दोनदा-तीनदा कोण नेणार, हा प्रश्न सुटला नाही तर यादीतले नाव यादीतच राहते. भाताची सुगी संपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी सोयीचा. रस्ते खुले असतात आणि घरातल्या माणसाला सोबत जाता येते.

रक्तदान : १८ ते ६५ वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात. म्हणून एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमवून नंतर वर्षभर काही न करण्यापेक्षा, रक्तपेढीला विचारून दोन-तीन लहान शिबिरे घेणे चांगले. उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्ताचा तुटवडा जाणवतो, ती वेळ यासाठी योग्य. बाटलीमागे भेटवस्तूंची चढाओढ लावू नये, कारण वस्तूसाठी आलेला माणूस आपला आजार लपवू शकतो. व्यावसायिक रक्तदानावर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आली, त्यामागे हेच कारण होते.

शालेय मदत : या भागात पूर्वी शेतकरी इरले आणि घोंगडे घेऊन पावसात वावरत. आज शाळेच्या मुलाला रेनकोट, बंद पिशवी आणि वाळणारी चप्पल लागते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणून हे साहित्य मेअखेर गावात पोहोचले पाहिजे. ऑगस्टमधल्या वाटपाच्या वेळी मूल दोन महिने भिजलेले असते. वह्या प्रत्येक संस्था वाटते. शाळेला गळती थांबवलेले छप्पर, मुलींसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची दुरुस्ती जास्त गरजेची असू शकते. ते शाळा व्यवस्थापन समितीला विचारल्याशिवाय कळत नाही.

वृक्षारोपण : एवढ्या पावसाच्या तालुक्यात झाड लावणे सोपे, जगवणे अवघड. पावसाळ्यात रोप तग धरते. ते मरते फेब्रुवारीनंतरच्या उन्हात, चराईत आणि वणव्यात. शिवाय जागा निवडताना जपावे लागते. मोरजाईसारखी जांभ्या खडकाची पठारे, म्हणजे सडे, ओसाड नसतात. पावसाळ्यात तिथे लहान रानफुले आणि गवतांची वेगळीच सृष्टी उगवते. तिथे खड्डे खणून झाडे लावली तर नुकसानच होते. शाळेचे आवार, रस्त्याची कडा, शेताचा बांध किंवा वन विभागाने सुचवलेली जागा बरी, आणि झाडेही स्थानिक असावीत.

पाणी : सर्वांत जास्त पावसाच्या भागातही एप्रिल-मेमध्ये डोंगरातले झरे आटतात, कारण उतारावरून आणि जांभ्यातून पाणी लवकर वाहून जाते. इथे कमी खर्चात उपयोगी पडणारे काम म्हणजे झऱ्याची साफसफाई, टाकीची दुरुस्ती आणि वनराई बंधारे. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे हे बंधारे रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून श्रमदानाने बांधतात. पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच ते बांधावे लागतात.

पुराच्या काळात

गगनबावड्यात पडलेले पाणी कुंभीतून पंचगंगेत जाते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा कोल्हापुरात ‘व्हाईट आर्मी’सारखी स्वयंसेवी बचाव पथके, मंडळे आणि क्लब सगळेच धावले. अशा वेळी जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडतात आणि चादरी, पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, सॅनिटरी पॅड, घर धुण्याचे साहित्य कमी पडते. वस्तू गोळा करण्याआधी तहसील कार्यालयाला गरज विचारणे, हा साधा नियम पाळला तरी बरीच धावपळ वाचते. शहरातल्या पुराच्या बातम्यांत डोंगरातल्या तुटलेल्या वाड्यांची आठवण मागे पडते, तिथे धान्य व औषधे पावसाआधीच पोहोचवून ठेवावी लागतात.

पैसा कुठून येतो?

सदस्यांची वर्गणी, देणगीदार, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि क्लबच्या मातृसंस्थेचे अनुदान, हे मुख्य मार्ग. लायन्सच्या नियमानुसार लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामावर खर्च करायचा असतो; क्लबचा कारभार सदस्यांच्या वर्गणीतून चालवायचा असतो. रोटरीचे मोठे जागतिक अनुदान किमान ३० हजार डॉलरच्या प्रकल्पांनाच मिळते. त्यासाठी दोन देशांतील क्लब एकत्र यावे लागतात आणि गावाच्या गरजेची आधी पाहणी करावी लागते. देणगी देताना पावती आणि संस्थेची नोंदणी जरूर पाहावी. करसवलत हवी असेल तर आयकर कायद्याखालील मान्यताही विचारावी.

गावाने मदत कशी मागावी?

अर्ज एका पानाचा असावा. त्यात पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. गरज नेमकी काय आणि किती जणांची आहे.
२. काम कोणत्या महिन्यात करता येईल, कोणत्या महिन्यात नाही.
३. ग्रामपंचायत, शाळा किंवा आरोग्य केंद्राची संमती आहे का.
४. गाव स्वतः काय देणार : जागा, श्रमदान, जेवण, वाहन.
५. पुढची देखभाल कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव.

पाचवा मुद्दा बहुतेक अर्जांत नसतो आणि काम तिथेच अडते. पदाधिकारी दरवर्षी बदलतात, त्यामुळे यंदा बसवलेल्या पाण्याच्या यंत्राची गाळणी पुढच्या वर्षी बदलायची असते हे नव्या अध्यक्षांना माहीतच नसते. म्हणून काम स्वीकारतानाच दोन वर्षांच्या देखभालीचे लेखी ठरवून घ्यावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.

मदत नाकारण्याचाही गावाला हक्क आहे. चौथ्यांदा वह्या येणार असतील तर त्याऐवजी मोतीबिंदूच्या चार रुग्णांसाठी कोल्हापूरला जाण्यायेण्याची गाडी द्या, असे सरपंचांनी किंवा मुख्याध्यापकांनी सरळ सांगावे. सेवा क्लबमधील बहुतेक माणसे मनापासून आलेली असतात. गावाची नेमकी गरज मात्र त्यांना गावानेच सांगायला हवी.