२९ ऑक्टोबर १९८३ : ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ पहिल्या क्रमांकावर

केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन यांचे हे कंट्री युगुलगीत या दिवशी अमेरिकेत बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत अव्वल ठरले. आजन्म सोबतीचे गाणे गाणारे हे दोघे जोडपे मात्र नव्हते. गीत-संगीतही बी जीज या पॉप त्रिकुटाचे. मग ते खोटेच म्हणायचे का? पण युगुलगीताचा खरेपणा गायकांच्या विवाहनोंदणीत शोधायचा नसतो (रॉजर्स यांनी तर पाच लग्ने केली). तो सुरांच्या वागण्यात असतो : आधी त्याचे कडवे, मग तिचे, आणि ध्रुवपदात दोघे एकत्र, एकमेकांना न झाकता. शिवाय काळाची साक्ष आहेच. २०१७ मध्ये नॅशव्हिलला रॉजर्स यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात हेच गाणे गायला शेजारी पार्टनच उभ्या होत्या, ३४ वर्षांनी.