छंदक ते विसावा हिस्सा : कष्टकऱ्यांच्या सामुदायिक दानाची परंपरा
(रत्नागिरी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

आपल्या चळवळीच्या इतिहासात परिषदा, सत्याग्रह, निवेदने आणि ठराव यांची नोंद बऱ्यापैकी झालेली आहे. या साऱ्यांसाठी लागलेला पैसा कोठून आला, तो कोणी गोळा केला आणि त्याचा हिशेब कोणापुढे मांडला गेला, या प्रश्नांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. एकाच पेशात किंवा एकाच कामाच्या ठिकाणी असलेल्या माणसांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दुसऱ्यासाठी काढलेली वर्गणी हा या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा होय. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या धाग्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पाली साहित्यातील छंदक

सामुदायिक वर्गणीसाठी पाली भाषेत ‘छंदक’ असा शब्द आहे. छंद म्हणजे इच्छा. स्वेच्छेने दिलेल्या रकमा वा वस्तू एकत्र करून केलेले दान ते छंदक. (आपल्या बोलीतील ‘चंदा’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही.) जातककथांच्या अट्ठकथेत श्रावस्तीचे लोक कधी एका कुटुंबाने, कधी एका गटाने, कधी एका आळीने, तर कधी साऱ्या नगराने मिळून छंदक गोळा करून संघाला दान देत, असे वर्णन आढळते. एकट्या श्रेष्ठीच्या दानाबरोबरच सामान्यांच्या एकत्रित दानालाही धम्माच्या परंपरेत मानाचे स्थान होते, हे यावरून दिसून येते.

याहून महत्त्वाचा उल्लेख विनयपिटकात, भिक्खुनींच्या नियमांत आहे. उपासकांनी भिक्खुनी संघाच्या चीवरांसाठी छंदक जमवून ते एका कापड व्यापाऱ्याकडे ठेवले. भिक्खुनींनी त्यातून चीवराऐवजी औषधे घेतली. औषध ही काही चैनीची वस्तू नव्हे. गरज खरीच होती. तरीही उपासकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी नियम घालून दिला की, एका कारणासाठी दिलेले साधन दुसऱ्या कारणासाठी बदलून घेणे हा दोष आहे व तशी वस्तू परत सोपवावी लागेल. गोळा झालेला निधी ज्या कारणासाठी मागितला त्या कारणाच्या मालकीचा असतो. तो गोळा करणाऱ्याच्याही मालकीचा नसतो आणि घेणाऱ्याच्याही नसतो, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

लेण्यांतील श्रेणी

महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत या तत्त्वाचा प्रत्यक्ष व्यवहार पाहावयास मिळतो. जुन्नर येथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. येथे दाता कोणी एक व्यक्ती नसून समव्यवसायी लोकांचा समूह आहे. नाशिकच्या लेणी क्रमांक १० मधील लेखात श्रेणीची भूमिका निराळी आहे. नहपानाचा जावई ऋषभदत्त याने वर्ष ४२ मध्ये ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखविला गेला आणि त्याची नोंद करण्यात आली, असेही लेखात नमूद आहे.

नाशिक येथीलच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील दुसऱ्या लेखात विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेवलेल्या ठेवीची माहिती आहे. ही ठेव तेली व पाणयंत्रे बनविणारे अशा कारागिरांच्या श्रेणींकडे होती. ज्यांना पुढे हलके व्यवसाय म्हणून हिणवले गेले, त्या व्यवसायांच्या लोकांवर संघाचा पैसा निर्धास्तपणे सोपविला जात होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ठरलेले कारण, ठरलेला दर आणि चारचौघांत वाचलेला हिशेब या तीन गोष्टींवर हा विश्वास उभा होता.

खोतीचा मुलूख आणि रोख पैसा

कोकणही या परंपरेबाहेर नव्हते. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथील २९ लेण्यांच्या समूहातील आरंभीची लेणी बौद्ध आहेत. परंतु मधल्या शतकांत धम्म लोपला, श्रेणी विराल्या आणि ज्यांच्या पूर्वजांनी दान दिले असेल ते लोक बलुत्याच्या भाकरीवर जगणारे याचक ठरविले गेले. दान वरून खाली पडते आणि खालच्याने ते ओंजळीत झेलावयाचे, अशी दानाची नवी व्याख्या रूढ झाली.

रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धतीमुळे ही व्याख्या अधिकच पक्की झाली होती. जमिनीचा सारा खोताच्या हाती, कुळाकडे उरेल ते थोडेसे भात वा नाचणी. रोख पैसा गावात जवळजवळ नसेच. १३ व १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूण येथे भरलेल्या परिषदांत बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध आवाज उठविला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, त्यामागे हीच परिस्थिती होती. अशा मुलखात सामुदायिक कार्यासाठी पैसा उभा राहावयाचा तर तो गावाबाहेरच्या नोकरीतूनच येणे शक्य होते. अशी नोकरी दोन ठिकाणी मिळाली : पलटणीत आणि मुंबईत.

दापोलीचे पेन्शनर

दापोलीची छावणी ही निवृत्त सैनिकांच्या वस्तीची जागा होती. पलटणीतील शाळांमुळे हे महार व चांभार सैनिक लिहू-वाचू शकत होते आणि त्यांच्या हाती दरमहा पेन्शन येत होती. समान पेशा, समान शिस्त आणि ठरावीक मिळकत यांमुळे त्यांचा एक संघटित वर्ग तयार झाला. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर दापोलीस राहिले. त्यांनी ‘दीनबंधु’मधून लेखन केले आणि ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. १८९२ मध्ये दापोलीतील माजी सैनिकांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला; तेव्हा मुलांना वर्गाऐवजी व्हरांड्यात बसविण्याची तडजोड पुढे आली. याच सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली आणि १८९४ मध्ये वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस होते.

या घटनांचा अर्थ आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा आहे. ज्यांची स्वतःची पेन्शन सुरक्षित होती, ते लोक पुढच्या पिढीच्या शाळेसाठी व भरतीसाठी झटत होते. आपल्या पेशाने आपल्याला जे दिले ते आपल्यापुरते ठेवावयाचे नाही, ही जाणीव येथे प्रथम संघटित रूपात दिसते.

मुंबईकरांची वर्गणी

दुसरा मार्ग मुंबईचा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईच्या सुमारे पावणेआठ लाख लोकसंख्येत सव्वा लाखाहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता.) १८८० मध्ये पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली आणि गिरणीतला पगार गावच्या चुलीपर्यंत पोहोचू लागला. परंतु कामाच्या ठिकाणीही जात सुटली नव्हती. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्यांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. साहजिकच अधिक पगाराची कामे त्यांच्या वाट्यास येत नसत. रेल्वेतही अशीच भेदनीती चाले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी तिचा समाचार घेतला.

अशा अपुऱ्या पगारातून मुंबईकरांनी वर्गणी काढली. एका गावचे लोक चाळीतील एका खोलीत राहत, त्यांचे गावमंडळ असे, पगार झाला की ठरलेली रक्कम खजिनदाराकडे जमा होई. आजारपण, मयत, गावातील सामाईक भांडी, मुलांची वह्या-पुस्तके आणि पुढे १९५६ नंतर गावातील विहार यांसाठी हा पैसा खर्च होई. वर्षाच्या सभेत हिशेब वाचला जाई आणि एका रुपयाची चूकही कोणी सोडीत नसे. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे या निरक्षर-अर्धसाक्षर कामगारांना पक्के ठाऊक होते. नाशिकच्या निगमसभेत जे घडत होते तेच परळच्या चाळीत घडत होते.

विसावा हिस्सा

बाबासाहेबांच्या कार्यात दोन्ही प्रकारचे दान आढळते. १९२० मध्ये ‘मूकनायक’साठी छत्रपती शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. ही मदत मोलाची होती. परंतु एका उदार राजावर चळवळ कायमची विसंबून राहू शकत नाही, हेही तितकेच खरे होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेपासून संस्थात्मक कार्य उभे राहू लागले. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, त्यामुळे नोकरी करणाऱ्या तरुणांना कमावता कमावता शिकता आले. या तरुणांतूनच पगारदार सुशिक्षितांचा वर्ग वाढला.

या वर्गाकडून बाबासाहेबांच्या मोठ्या अपेक्षा होत्या आणि त्यांचा अपेक्षाभंगही झाला. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत सुशिक्षित नोकरदार स्वतःच्या पोटापुरते झाले, ही व्यथा त्यांनी बोलून दाखविली. त्याच वर्षी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर रोजी नागपूर येथील भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. सोळा आण्यांच्या त्या काळातील रुपयात विसावा हिस्सा म्हणजे एक आणाही पुरा होत नाही. मागणी लहान होती; परंतु ती सर्वांकडून आणि सातत्याने होती. हमाल आणि हेडक्लार्क यांची रक्कम वेगळी, मात्र हिस्सा एकच. प्राचीन छंदकाला येथे आधुनिक आणि समतेवर आधारलेले रूप मिळाले, असे म्हणता येईल.

या विचाराचा पुढील टप्पा पुण्यातील सरकारी कर्मचाऱ्यांत दिसतो. तेथील संरक्षण खात्याच्या एका आस्थापनेत बुद्ध जयंती व आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्यांवरून निर्माण झालेल्या संघर्षातून दीनाभाना, डी. के. खापर्डे व कांशीराम एकत्र आले. १९७१ मध्ये कर्मचाऱ्यांची कल्याणकारी संघटना आणि ६ डिसेंबर १९७८ रोजी ‘बामसेफ’ स्थापन झाली. समाजाचे ऋण फेडणे हा तिचा पाया होता. तिच्या पुढील राजकीय वाटचालीबद्दल मतभेद असू शकतील. परंतु कार्यालयातील नोकरदारांनी आपला वेळ, बुद्धी आणि पैसा संघटितपणे समाजाला द्यावा, ही कल्पना तिने रुजविली, यात शंका नाही.

आजचा प्रश्न

या साऱ्या परंपरेचा आधार नियमित मिळकत हा होता. तो आधारच आज खचत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर चाळीतील खोल्या व मंडळेही विखुरली. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. कंत्राटी नेमणुका वाढल्या. दापोलीच्या पेन्शनरांजवळ असलेली निश्चिंती आजच्या तरुण नोकरदाराजवळ नाही. अशा वेळी ज्यांना कायम नोकरी आहे त्यांची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. विसावा हिस्सा हे प्रमाण अशाच परिस्थितीसाठी उपयोगी आहे, कारण मिळकत घटली तर हिस्साही घटतो, पण देणारा सभासद बाहेर फेकला जात नाही.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. वसतिगृहासाठी काढलेल्या वर्गणीतून सत्कार समारंभ व्हावा, शिष्यवृत्तीच्या निधीतून मंडप उभा राहावा, असे प्रकार घडतात तेव्हा कोणी पैसा खिशात घातलेला नसला तरी विनयातील तोच दोष घडलेला असतो. पुढच्या वर्षी पावती पुस्तक घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यापुढे सहकारी मान वळवितात, ती कंजुषीने नव्हे. कारण आधी ठरवावे, रक्कम ऐपतीच्या प्रमाणात असावी, लहान रकमेच्या देणाऱ्याचे नाव मोठ्या रकमेखाली झाकले जाऊ नये, मदत घेणाऱ्याच्या नावाची दवंडी पिटू नये आणि हिशेब भर सभेत वाचावा : एवढे पाळले तर कोणत्याही कार्यालयात, कारखान्यात वा आगारात छंदक पुन्हा उभे राहू शकते.

ज्या समाजाला शतकानुशतके घेणाऱ्याच्या जागी बसविले गेले, त्याने देणाऱ्याची जागा आपल्या श्रमाने परत मिळविली आहे. ती टिकविण्याचे काम आता पगाराच्या दिवशी करावयाचे आहे.